कोणता फुआलेमाना?

सोमवार, ५ मार्च

विद्यापीठाच्या पुरवणी परीक्षा सुरू झाल्या. पुरवणी परीक्षेला बसणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, हे मी फक्त इथे लिहिते. नोव्हेंबरात ज्याला ओ की ठो येत नव्हतं त्याला मार्चमध्ये सगळं यायला लागतं, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंच.

सकाळच्या पेपरला तिशीचा एक पोलीस शिपाई आला. ओळखपत्रावर नाव पेनी आसोमुआ, आणि हजेरीच्या कागदावर सही केली 'तूलीमा'.

मी म्हटलं, "हा तूलीमा कोण?"

"मीच, बाई."

"आणि पेनी?"

"तोही मीच. नाताळात गावाने किताब दिला ना मला. आता मी मताई झालो, घराण्याचा प्रमुख. पेनी म्हणून सही केली तर गाव तोंडात शेण घालेल."

"आणि तूलीमा म्हणून केलीस तर मी घालेन," मी म्हटलं. परीक्षा असो, पदवी असो नाहीतर परिषदेचा ठराव असो, माणसाचं नाव जन्मनोंदीप्रमाणे पूर्ण हवं. परिनियम चौदा, कलम तीन. आमच्या विद्यापीठाचा पहिला कुलसचिव, म्हणजे आज मी बसते त्या खुर्चीतला पहिला, न्यूझीलंडचा पालागी होता, गोरा. एक माणूस पाच वर्षांत तीन नावांनी परीक्षेला बसलेला बघून बिचाऱ्याचं डोकं फिरलं आणि त्याने हे कलम लिहिलं. गोऱ्यांनी इथे फार शहाणपणा केला असं नाही, पण हे एक काम चोख केलं. गावच्या सरपंचाचा फोन येईपर्यंत मी त्या शिपायाला बाहेर बाकावर बसवलं. दोघांनाही अटक झाल्यासारखं वाटलं असणार, पेनीला आणि तूलीमाला.

घरी येऊन सेफोला सांगितलं तर हसत सुटला. सेफो म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची बायको गेली, मुलं ऑकलंडला गेली, मी लग्नच केलं नाही, त्यामुळे वडिलांच्या घरात आता आम्ही दोघंच. चाळीस वर्षं त्याने सरकारी शाळेत गणित शिकवलं. म्हणाला, "बरोबर केलंस. नाव न लिहिलेल्या पेपरला मी शून्य द्यायचो. अक्षर ओळखीचं असलं तरी."

"तू काय सांगतोस मला, अर्ध्या पदवीधरा," मी म्हटलं. सुव्हाच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकून वडिलांच्या आजारपणात परत आला तो पुन्हा गेलाच नाही, म्हणून मी त्याला असं चिडवते. तो चिडत नाही. त्याने कोकोचा कप पुढे केला आणि म्हणाला, "अर्ध्याला अर्धाच भर."

त्याला पाणी मोजून प्यावं लागतं. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घेतो.

गुरुवार, १५ मार्च

आज मानद पदवी समितीची बैठक. मनात काळंबेरं आहे, आणि ते माझ्या मनात नाही, त्यांच्या.

कुलगुरू डॉ. सापातू नेहमी भाषण ठोकतात. आज काहीच नाही. म्हणाले, "यंदा एकच नाव आहे. फुआलेमाना." संपलं. आणि सगळी समिती "फुआलेमाना, हो हो, फुआलेमाना" करत माना डोलवायला लागली. कोणी विचारलं नाही का, कशासाठी. मोठ्या माणसाबद्दल आपल्यात किताबानेच बोलायचं, पूर्ण नाव उच्चारणं म्हणजे त्याच्या अंगणातून छत्री उघडून चालत जाण्याइतका उद्धटपणा, हे मलाही कळतं. पण निदान गुणवर्णन तरी? ते म्हणे कुलगुरू स्वतः लिहिणार आणि समारंभात स्वतःच वाचणार.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉ. सापातू जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कुलसचिवांची हरकत नसावी."

मी म्हटलं, "इतिवृत्त लिहिणं माझं काम. हरकत घेणं समितीचं."

कोणीतरी हसलं. कोणीतरी "वा" म्हणालं. मी वहीत डोकं घातलं. ते माझ्याकडे का बघत होते हे न कळायला मी दुधखुळी नाही. फुआलेमाना हा आमच्या घराण्याचा किताब. वडिलांचा होता. ते गेल्यावर घराण्याने भांडण मिटवायला तो दोघांत वाटून दिला, चुलतभाऊ कासिआनोला आणि सेफोला. सेफोला म्हणजे आपला नावाला. त्याला घरात कोण फुआलेमाना म्हणतं? किताब वाटला तेव्हाच मला ते पटलं नव्हतं आणि मी त्या दोघांपैकी कोणालाच त्या नावाने हाक मारली नाही. पण आपिआ गावात जाऊन कोणालाही विचारा. फुआलेमाना म्हणजे बाजारासमोरची ती तीन मजली पिवळी इमारत, वर हातभर अक्षरांत 'फुआलेमाना हार्डवेअर', आणि गल्ल्यावर डुलणारा कासिआनो.

आणि चक्रीवादळानंतर आमच्या परीक्षागृहाचं छप्पर कोणी घातलं? पत्रे फुकट कोणी दिले? म्हणजे पत्र्यांच्या बदल्यात डॉक्टरेट. मी नाव लिहिलं, जसं उच्चारलं तसं. जाहीर होईपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही, उमेदवाराशी फक्त कुलगुरूंनी बोलायचं, असा नियम आहे. मी तो पाळणार. बाकीचे पाळतील असं मला वाटत नाही.

मंगळवार, २० मार्च

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सेफोचं हृदय थकलंय. पुढच्या वर्षीच्या गोष्टी आत्ता नका ठरवू म्हणाल्या. त्याला सांगितलं का विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनीच आकडे बघून आम्हाला सांगितलं." मी बाहेर येऊन पपईच्या झाडाखाली उभी राहिले. मला रडू येत होतं आणि पार्किंगवाला बघत होता म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

दुपारी काम सुचेना म्हणून लवकर घरी आले तर दारात कुलगुरूंची गाडी. ते निघालेच होते. मला बघून चपापले. मी विचारलं, "सर, इकडे कुठे?"

"सहज. गुरुजींची तब्येत बघायला."

सेफो समोरच्या उघड्या फालेत, आमच्या बिनभिंतींच्या बैठकीत, चटईवर बसला होता, डोळे लाल. अर्धं आपिआ त्याच्या हाताखालून गेलंय, हे सापातूसुद्धा, ते ठीक. पण तीन वर्षांत कधी तब्येत बघायला आले नाहीत ते आजच? मी सेफोला विचारलं, काय म्हणत होते?

"काही नाही. त्रिकोणमितीबद्दल."

सेफोला खोटं बोलता येत नाही. कान हलतात त्याचे.

रविवार, २५ मार्च

चर्चहून आल्यावर जेवण. पालुसामी, म्हणजे नारळाच्या दुधातली अळूची पानं, छान झालं होतं, पण त्याला मीठ चालत नाही म्हणून त्याचं वेगळं, आणि नारळाच्या दुधात मीठ नसलं की ते काय लागतं ते त्यालाच माहीत. जेवता जेवता म्हणाला, "पेले, तुझ्या त्या नियमांत, समारंभाच्या मंचाचा जिना ज्याला चढवत नसेल त्याचं काय करतात?"

"कोणाला चढवत नाही?"

"समज, एखाद्याला."

"खुर्ची खाली ठेवतात. कुलपती खाली उतरतात."

तो जरा वेळ तारोच्या कंदाचे तुकडे करत राहिला. मग म्हणाला, "आणि माणूस समारंभाच्या आधीच गेला तर?"

"तर संपलं. मृताला मानद पदवी देता येत नाही. परिनियम चौदा, कलम नऊ."

"म्हणजे जिवंत राहणं हीपण परीक्षाच," म्हणाला आणि हसला. "पुरवणी नसलेली."

मी त्याच्याकडे रोखून बघितलं. हे प्रश्न त्याचे नाहीत. हे प्रश्न त्याला कोणीतरी विचारायला लावलेत. कासिआनोचे गुडघे गेलेत हे सगळ्यांना माहीत आहे, दुकानाचा जिनासुद्धा चढत नाही. आणि आता हे मरणाचं विचारतोय, म्हणजे कासिआनोला आणखी काही झालंय की काय? झालं असेल तर वाईटच, पण त्यासाठी माझ्या भावाला हेर करायची काय गरज? सेफो भोळा आहे. त्याला कोणीही मुठीत घालतं.

गुरुवार, २९ मार्च

आता तर उघडच.

संध्याकाळी कासिआनोचा ट्रक दारात. दोन माणसांनी एक जिवंत डुक्कर उतरवलं, मग खाऱ्या मांसाची बादली, मग माशांच्या डब्यांची खोकी. मागून स्वतः कासिआनो, फुलाफुलांचा शर्ट, घामाघूम, ट्रकच्या दाराला धरून एकेक पाय खाली टाकत.

"हे कशाबद्दल?" मी विचारलं.

"आता बघ! हे मला विचारते," तो ड्रायव्हरला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "अगं, घरातलं कार्य. आपल्या किताबाला दोन हात आहेत, एका हाताने कसं चालेल? बारीक विणीची मानाची चटई पण पाठवतोय, आजीच्या हातची."

"कसलं कार्य?"

त्याने डोळा मारला. तोंडावर बोट ठेवलं. "कळलं, कळलं. सचिवबाईंचं तोंड शिवलेलं. मी काही बोललो नाही आणि तू काही ऐकलं नाहीस. पण पेले, तुला सांगतो, आपल्या बापजाद्यांत असा मान कोणाला मिळाला नव्हता. मी दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी शटर बंद!"

स्वतःच्या मानाचं स्वतःच ढोल वाजवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि नियमाचं काय? जाहीर व्हायच्या आधी दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलंय! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, इथे तर कोंबडं झाकायचीही लाज नाही. मी म्हटलं, "डुक्कर परत घेऊन जा."

तो असा बघायला लागला, जसं काही मी इंग्रजीत बोलले. तेवढ्यात सेफो फालेतून म्हणाला, "राहू दे, पेले. त्याचं मन मोडू नको." आणि डुक्कर राहिलं. आत्ता लिहिताना नीरफणसाच्या झाडाला बांधलेलं ओरडतंय. आमच्या दारात लाच ओरडतेय आणि मी विद्यापीठाची कुलसचिव.

शनिवार, ७ एप्रिल

ईस्टरच्या आठवड्यात काही झालं नाही. आज झालं.

सेफो मशीनवरून आला की झोपतो. आज झोपला नाही. मी मागे कपडे वाळत घालत होते, तर तो फालेत एकटा उभा, खांबाला धरून, मोठ्याने भाषण म्हणत होता. वक्ते उभे राहतात तसा. मला एवढंच ऐकू आलं, "...फुआलेमाना या नावाला आज जो मान..." माझ्या हातातून चिमटा पडला, तो थांबला. वळला. कान हलत होते.

"काय चाललंय?"

"पाठांतर."

"कसलं?"

"सांगायची परवानगी नाही," तो म्हणाला. "तूच तर सांगतेस, नियम म्हणजे नियम."

म्हणजे नक्की झालं. कासिआनोला दोन वाक्यं नीट बोलता येत नाहीत, म्हणून त्याच्या वतीने आभाराचं भाषण करायला याला धरलंय. अर्धा फुआलेमाना दुसऱ्या अर्ध्याची स्तुती गाणार, सगळ्या विद्यापीठासमोर, एका डुकराच्या बदल्यात. नवी खिशाची लावालावासुद्धा शिवून आणलीय, समारंभात कमरेला गुंडाळायची, काळी, कपाटात उशीखाली लपवून ठेवलेली मला सापडली. उभं राहायची ताकद नाही आणि दुसऱ्यासाठी भाषण!

मला फार लागलं. कासिआनोचं नाही. सेफो माझ्यापासून कधी काही लपवत नव्हता. वडील वारले तेव्हा मी वेलिंग्टनला होते, तर ते शेवटचं काय बोलले ते त्याने शब्द न शब्द लिहून पाठवलं होतं, त्यात माझ्यावर केलेली तक्रारसुद्धा. आणि आता परवानगी नाही म्हणतो.

रात्री जेवताना मी बोलले नाही. तो म्हणाला, "अजून थोडे दिवस, पेले. मग तूच हसशील." मी हसणार नाही. मी कलम तीन काढणार आहे.

मंगळवार, १० एप्रिल

काम झालं.

परिषदेची बैठक, अध्यक्ष कुलपती रोपेती साहेब. निवृत्त न्यायाधीश, कमी ऐकू येतं पण जे ऐकतात ते विसरत नाहीत. समितीचा ठराव कायम करायचा विषय आला. मी उभी राहिले. माझ्या अठरा वर्षांत मी इतिवृत्त वाचण्यासाठी सोडून कधी उभी राहिले नव्हते.

मी म्हटलं, "परिनियम चौदा, कलम तीन. ठरावात उमेदवाराचं जन्मनोंदीप्रमाणे पूर्ण नाव नाही. फक्त किताब आहे. किताब एकाहून जास्त माणसांकडे असू शकतो. असा ठराव ग्राह्य धरता येत नाही. नव्याने नाव मांडायचं तर एक महिन्याची पूर्वसूचना लागते, म्हणजे या महिन्याच्या समारंभात ते शक्य नाही."

डॉ. सापातूंचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. ते म्हणाले, "पण... तुम्ही... पेलेनतेतेबाई, आपल्या सगळ्यांना माहीत आहे कोण फुआलेमाना!"

"माहीत असणं वेगळं, लिहिलेलं असणं वेगळं," मी म्हटलं.

रोपेती साहेबांनी कानामागे हात धरला. "बाई, तुमच्याच घराण्याचा माणूस आहे ना हा?"

"आहे."

"आणि तरी तुम्ही म्हणता, रद्द करा?"

"माझ्या घरातला आहे म्हणूनच म्हणते, साहेब. परका असता तर कदाचित कोणीतरी दुसरं बोललं असतं. आपल्या माणसासाठी नियम वाकवला, तर उद्या परीक्षागृहाच्या दारात मी कोणत्या तोंडाने उभी राहू?"

धर्मगुरूंच्या प्रतिनिधीने डोळे पुसले, हे मला जरा जास्तच वाटलं. रोपेती साहेब पुष्कळ वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पन्नास वर्षं कोर्टात काढली. असा माणूस मी पाहिला नाही." ठराव रद्द. बाहेर पडताना डॉ. सापातू माझ्याजवळ येता येता वळले आणि घाईघाईने गाडीत बसले. पराभव पचत नाही लोकांना.

मला अभिमान वाटतो, हे कबूल करते. घरी जाताना बाजारातून सेफोसाठी एक सफरचंद घेतलं. त्याला अर्धंच चालतं.

बुधवार, ११ एप्रिल

लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारी कासिआनोचा ट्रक आला. सेफो आत झोपला होता. कासिआनो उतरला तो गुडघे विसरून उतरला. थेट माझ्यासमोर.

"शरम नाही वाटत? सचिवबाई म्हणे! आपल्यात म्हणतात, बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. तू तर बोट घातलंस त्याच्या डोळ्यात!"

मी म्हटलं, "ओरडू नको. तुला पदवी मिळाली नाही म्हणून..."

"मला?" तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. मग तो खाली पायरीवर बसला.

"मला? अगं बाई, मी सहावी नापास! मला कोण डॉक्टर करेल? जखमेला पट्टी लावता येत नाही मला!" त्याने शर्टाने तोंड पुसलं. "सेफोला ग. सेफोला. फुआलेमाना गुरुजींना. या बेटावर ज्याला ज्याला गुणाकार येतो त्याला त्यानेच शिकवला, मला सोडून. गावभर बोभाटा झालाय महिनाभर. त्या सापातूच्या ड्रायव्हरने दुसऱ्याच दिवशी सांगितलं सगळ्यांना. तुला माहीत नव्हतं? तू तर तिथे बसून लिहून घेतलंस!"

मी म्हटलं, "मला वाटलं तू."

"का?"

दुकानाची पाटी, असं सांगायला गेले. परिषदेत मी जे जे बोलले ते एकेक करून परत यायला लागलं. माझ्या घरातला आहे म्हणूनच. रोपेती साहेब माझ्याकडे का बघत राहिले. ते डोळे पुसणारे धर्मगुरूंचे प्रतिनिधी. त्यांना वाटलं, ही बाई नियमासाठी सख्ख्या भावाचा घास काढून घेतेय. आणि मी त्या कौतुकावर सफरचंद घेऊन घरी आले.

मी जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला. एकदाही मला असं वाटलं नाही की सेफोचाही सन्मान होऊ शकतो.

कासिआनो उठला, माझ्या डोक्यावर तो जाडा हात ठेवला आणि म्हणाला, "डुक्कर मी परत नेत नाही, सांगून ठेवतो." आणि गेला.

संध्याकाळी सेफो उठला. मी त्याच्यासमोर चटईवर बसले आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मला वाटलं रागावेल. मी वाट बघत होते रागावण्याची. तो म्हणाला, "कालच सापातू येऊन सांगून गेला. म्हणाला, तुमची बहीण म्हणजे पोलाद आहे. मला फार बरं वाटलं, पेले. म्हटलं, माझ्या बाबतीतही हिने माप कमी केलं नाही."

"अरे, पण मला माहीतच नव्हतं तो तू आहेस!"

"ते आत्ता कळलं," तो म्हणाला. आणि मग चेहरा जरा बदलला. थोडासाच. मी साठ वर्षं तो चेहरा बघतेय म्हणून मला दिसला. ठराव रद्द झाल्याचं त्याला लागलं नव्हतं. हे लागलं.

मग स्वतःच म्हणाला, "नाव न लिहिलेला पेपर. शून्यच."

शुक्रवार, १३ एप्रिल

सकाळी डॉ. सापातूंच्या खोलीत गेले आणि दार न वाजवता सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग त्यांना रडू आलं, मग दोन्ही. म्हणाले, "आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम... त्या दिवशी समितीत तुम्ही शांत बसलात तेव्हाही वाटलं, काय संयम आहे!"

"संयम नव्हता, सर. मठ्ठपणा होता."

खरं तर त्या बैठकीत मी बसायलाच नको होतं. सख्खं नातं असलं की बाहेर जायचं, कलम सहा. त्यांनी सांगितलं नाही, कारण मी स्वतः उठेन असं त्यांना वाटलं. मी उठले नाही, कारण मला वाटलं चुलतभावासाठी कशाला उठायचं.

मग आम्ही दोघांनी पुस्तक उघडलं. मी अठरा वर्षं त्या पुस्तकात काय करता येत नाही ते शोधत आले, आज पहिल्यांदा काय करता येतं ते शोधलं. सापडलं. कलम अकरा: कुलपती देशात कुठेही विशेष सभा भरवून पदवी देऊ शकतात, परिषदेचे सात जण हजर हवेत. म्हणजे पुढच्या वर्षाची गरज नाही. महिन्याची पूर्वसूचना हवी, ती कुणाला चुकली नाही. मग ठराव, मग सभा, आणि सभा आमच्या फालेत. सातच्या जागी सत्तर बसतील.

महिना. डॉक्टरीणबाईंना फोन केला. महिन्याचं बोलू शकतो का? त्या म्हणाल्या, "बोलू शकतो." एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज मी मनात पुन्हा पुन्हा तपासतेय.

नंतर जन्मनोंदणी कचेरीत गेले. सेफोचा दाखला काढला. इओसेफो आलेसाना पेलेसाला. नाव मी माझ्या हाताने पूर्ण लिहिलं, अक्षर न अक्षर तपासून. खाली एक रकाना होता, 'प्रचलित किताब असल्यास'. तिथे मी थांबले. मग लिहिलं, फुआलेमाना. ते त्याच्या नावासमोर मी कधी लिहिलं नव्हतं. कधी म्हटलंही नव्हतं.

बैठकीत मी नसणार. बाहेर बाकावर बसणार, त्या शिपायाला बसवलं होतं तिथेच. आतून आवाज आला नाही तर मला संशय येईल, आणि आवाज आला तरी येईल. स्वभावाला औषध नाही.

रविवार, १५ एप्रिल

चर्चमध्ये लोक माझ्याशी जपून बोलले. जिना उतरताना त्या पेनी शिपायाने हात दिला. मी म्हटलं, "आभारी आहे, तूलीमा." तो चाटच पडला.

घरी कासिआनोने पाठवलेली चटई आली होती, आजीच्या हातची, लोण्यासारखी मऊ. ती मी फालेत अंथरली नाही. गुंडाळून आत ठेवली, महिन्यानंतरच्या सभेसाठी.

सेफो फालेत आरामखुर्चीत बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. भाषण पाठ करत नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, पाठ झालंय, आता विसरायला महिना आहे. मी पालुसामी केलं, दोघांचंही बिनमिठाचं. ताटं घेतली. आणि मग दारात उभी राहून, घसा साफ करून, हाक मारली.

"फुआलेमाना, जेवायला ये."

तो हलला नाही. मान वळवून रस्ता बघितला, फाटक बघितलं, मग मला म्हणाला, "कासिआनो आलाय का? मग अजून एक ताट घे, पेले. आणि त्याला मीठ लागतं."

मी ताटं खाली ठेवली. त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले, आणि पुन्हा हाक मारली.